मासा शोधण्याआधी पाणी शोधावे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडलेली सर्व पत्रे कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या ऑन्टारियो सरोवरात चालत्या होडीतून गळ ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंका त्यातूनच सुटतात.

प्रश्न : माझे बालपण मालवणात गेले आणि मासे गरवण्याचा नाद तेव्हापासूनचा आहे. गेल्या वर्षी टोरांटोजवळच्या मिसिसागातील एका मित्रासोबत मी एक जुनी होडी विकत घेतली. मे महिन्यात पोर्ट क्रेडिटच्या बंदराबाहेर, किनाऱ्यापासून फार लांब न जाता, होडीमागे स्पून (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) सोडून आम्हाला दोन ब्राउन ट्राउट आणि एक कोहो सामन मिळाला. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच स्पूनने, त्याच पद्धतीने आम्ही चार वेळा गेलो, पण एकही मासा लागला नाही. आसपासच्या होड्यांवर मात्र मोठे चिनूक सामन वर येताना दिसत होते. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : आपला स्पून माशांच्या डोक्यावरून पंधरा-वीस मीटर उंचीवरून जात होता, असे आपले पत्र वाचून मला ठामपणे वाटते. ऑन्टारियो सरोवर ३११ किलोमीटर लांब आहे, त्याची सरासरी खोली ८६ मीटर आणि कमाल खोली २४४ मीटर आहे. एवढ्या पाण्यात मासा कोणत्या जागी आहे यापेक्षा तो कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि तो थर तापमान ठरवते.

गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. एप्रिल-मेमध्ये उन्हाने किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आधी तापते. हे कोमट पाणी आणि आतले गारठलेले पाणी जिथे भेटतात तिथे मिश्रण ४ अंशांच्या आसपास येऊन जड होते व खाली बसते, त्यामुळे काही आठवडे किनाऱ्याला समांतर अशी एक न दिसणारी भिंत उभी राहते आणि कोमट पाणी किनाऱ्याकडेच अडकून पडते. लहान मासे त्या पट्ट्यात गोळा होतात, त्यांच्या मागोमाग ब्राउन ट्राउट आणि कोहो येतात. मे महिन्यात वरवर ओढलेल्या स्पूनला आपल्याला मासे लागले ते यामुळे. उन्हाळा चढला की ही भिंत मोडते आणि पाण्याचे आडवे थर होतात : वर वीस-बावीस अंशांचे कोमट पाणी, खाली ४ ते ६ अंशांचे गार पाणी आणि दोहोंच्या मध्ये, अवघ्या काही मीटरांत तापमान झपाट्याने उतरत जाणारा पट्टा, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूकला साधारण १० ते १३ अंशांचे पाणी मानवते, लेक ट्राउट त्याहूनही गार पाण्यात, बहुधा तळाजवळ राहतो, तर स्टीलहेड थोड्या वरच्या, उबदार थरात फिरतो. भर उन्हाळ्यात १०-१२ अंशांचे पाणी अनेकदा पंधरा ते तीस मीटर खाली असते. आपण मे महिन्यातल्या सरोवरासाठी केलेली तयारी ऑगस्टमध्ये घेऊन गेलात.

ही गोष्ट मला आकृत्या पाहून जेवढी पटली नव्हती तेवढी एका गोळ्याने पटवली. ऑगस्टच्या एका दुपारी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना, पस्तीस मीटरांवरून वर आलेला शिशाचा गोळा मी दोन्ही हातांनी होडीत घेतला, तर तो नुकताच फ्रिजमधून काढल्यासारखा लागला, आणि पाहता पाहता त्यावर दवासारखे थेंब धरले. आपणही एकदा तो हातात धरून पाहावा.

हा गोळा डाउनरिगर नावाच्या साधनाचा भाग असतो. होडीच्या कडेला एक लहानसा रहाट बसवलेला असतो, त्यावरच्या पोलादी तारेला साडेचार-पाच किलोंचा गोळा बांधलेला असतो. गळाचा तंगूस (दोरी) गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर सोडतात आणि काठी धनुष्यासारखी वाकवून ताणून ठेवतात. मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटतो, वाकलेली काठी क्षणभर ताठ उभी राहते आणि लगेच माशाच्या ओढीने पुन्हा खाली जाते. तो एक क्षण ओळखण्याची नजर बसली पाहिजे, कारण त्याच वेळी ढिला पडलेला तंगूस भराभर रिळावर घ्यायचा असतो. डाउनरिगर घेणे लगेच परवडत नसेल तर डिप्सी डायव्हर नावाची चकती घ्यावी, जी पाण्याच्या दाबाने स्वतःच खाली आणि बाजूला जाते, किंवा शिशाची तार असलेली लेडकोर दोरी वापरावी. या दोरीचा रंग दर दहा यार्डांना बदलतो आणि नेहमीच्या वेगाला प्रत्येक रंगामागे आमिष सुमारे दीड मीटर खाली जाते, म्हणजे दहा रंग सोडले तर साधारण पंधरा मीटर. माझे मत विचाराल तर दहा प्रकारचे स्पून घेण्यापेक्षा ते पैसे एका चांगल्या डाउनरिगरमध्ये घालावेत.

तापमान मोजण्यासाठी गोळ्याजवळ बसवायचे संवेदक मिळतात. ते नसल्यास सोनारची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवून पाहावी. थर्मोक्लाइन ठळक असेल तर पडद्यावर एकाच खोलीवर धुरकट पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्यात किंवा किंचित खाली गळ ठेवून सुरुवात करावी. येथे एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. होडी पुढे जात असल्याने तार सरळ खाली न जाता मागे कलते, म्हणून मोजणी तीस मीटर दाखवत असली तरी गोळा प्रत्यक्षात त्याहून वर असतो. गोळ्यामागे आमिष किती अंतरावर ठेवावे असे अनेक जण विचारतात. खोल पाण्यात तीन ते दहा मीटर पुरतात, उथळ पाण्यात मासा होडीला बुजतो म्हणून पंधरा-वीस मीटर सोडावे लागतात.

यानंतर वेग पाहावा लागतो. चिनूकसाठी ताशी साडेतीन ते साडेचार किलोमीटर ठीक असतो, लेक ट्राउटसाठी त्याहून बराच कमी. पण जीपीएस जो वेग दाखवतो तो जमिनीच्या संदर्भातला असतो, आणि पंचवीस मीटर खाली प्रवाह भलत्याच दिशेने वाहत असू शकतो. पूर्वेकडे जाताना दोन मासे लागले आणि त्याच रेषेवर परतताना काहीच लागले नाही, असा अनुभव आला तर मासे निघून गेले असे समजू नये, खाली आमिषाचा वेग बदलला आहे असे समजावे. वेग ओळखण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. होडी सरळ न नेता सावकाश नागमोडी न्यावी. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे आमिष वेगाने जाते व थोडे वर उचलले जाते, आतल्या बाजूचे मंदावते व खाली बसते. मासा सतत आतल्या काठीला लागत असेल तर होडीचा वेग कमी करावा, बाहेरच्या काठीला लागत असेल तर वाढवावा.

वाऱ्याविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण मिसिसागाच्या किनाऱ्यावर तो विसरून चालत नाही. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकते आणि आपल्या उत्तर किनाऱ्यावर त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी वर येते. आदल्या आठवड्यात पोहण्याजोगे असलेले पाणी अशा वेळी पाय बधिर करते, आणि चिनूक बंदराच्या तोंडापाशी येतात. पूर्वेचा वारा टिकला तर याच्या उलट घडते : कोमट पाणी किनाऱ्यावर साचते, गार थर खाली दाबला जातो आणि माशांसाठी बरेच आत, खोल पाण्यावर जावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी केवळ त्या दिवसाचे नव्हे, तर मागच्या तीन दिवसांचे वारे पाहावेत.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तंगुसावर ओल्या कापसासारखे चिकट गोळे जमतील. ते १९९८ मध्ये या सरोवरात प्रथम आढळलेल्या परकीय पाणपिसवांचे, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक जीवांचे असतात, त्यांच्या शेपट्यांचे आकडे एकमेकांत गुंततात आणि काठीच्या टोकाची कडी इतकी बुजते की ऐन वेळी रीळ फिरत नाही. जाड तंगूस घेतला की त्रास कमी होतो, आणि अधूनमधून बोटांनी निपटून काढावे लागतेच.

आपली होडी जुनी आहे, म्हणून एक आग्रह धरतो. हवामान खात्याचा सागरी अंदाज वाचल्याशिवाय बंदर सोडू नये, आणि लाइफ जॅकेट बाकाखाली न ठेवता अंगावर असू द्यावे. हवा पंचवीस अंशांची असली तरी वर सांगितल्याप्रमाणे गार पाणी वर आलेले असेल तर पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच अनावर होतो, आणि मालवणच्या कोमट समुद्रात पोहायला शिकलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा अंदाज नसतो.

प्रश्न : मी रत्नागिरीला राहतो. माझा भाचा टोरांटोहून फोनवर सांगतो की तो 'ट्रोलिंग' करायला जातो. आमच्याकडे ट्रॉलरमुळे मासळीचे काय झाले ते आम्ही पाहतो आहोत. कॅनडासारख्या देशात हे कसे चालते?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण हे दोन शब्द उच्चाराने जवळ असले तरी अर्थाने फार दूर आहेत. आपल्याकडचा ट्रॉलर तळ खरवडत जाळे ओढतो आणि त्यात सापडेल ते येते. आपला भाचा करतो ते ट्रोलिंग, म्हणजे संथ चालणाऱ्या होडीमागे मोजके गळ ओढणे. कोकणातही सुरमईसाठी होडीमागे गळ ओढतात, ते त्याचेच भावंड आहे. ऑन्टारियोत त्यासाठी परवाना लागतो, आणि एका व्यक्तीने किती गळ टाकावेत व कोणत्या जातीचे किती मासे ठेवावेत हे दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत ठरवून दिलेले असते. ऑन्टारियो सरोवराचा भाग त्यात क्षेत्र २० या क्रमांकाखाली येतो. सरोवराच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते, तिच्या पलीकडे न्यूयॉर्क राज्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो.

असे असले तरी, या सरोवरानेही आपली मासळी एकदा गमावलेली आहे. येथला मूळचा अटलांटिक सामन अतोनात मासेमारी, जंगलतोड आणि नद्यांवरच्या गिरण्यांचे बंधारे यांमुळे १८९८ पर्यंत नाहीसा झाला. पुढे रक्त शोषणाऱ्या, बामसारख्या दिसणाऱ्या सी लॅम्प्रीने महासरोवरांतील लेक ट्राउटची धूळधाण केली. मोठे शिकारी मासे उरले नाहीत, तेव्हा एलवाइफ नावाच्या छोट्या माशांची बेसुमार वाढ झाली, आणि १९६७ मध्ये मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यांवर त्यांचे मेलेले थर साचले. त्याच सुमारास, १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक, असे पॅसिफिक महासागराकडचे सामन मिशिगन राज्याने सरोवरात सोडले होते. ऑन्टारियो सरोवरात हे काम १९६८ पासून सुरू झाले. आपल्या भाच्याला लागणारा चिनूक हा असा बाहेरून आणलेला पाहुणा आहे, मात्र आज त्यातले कितीतरी मासे येथल्याच नद्यांत जन्मलेले असतात.

ही व्यवस्था हिशेबाने चालते, याचे एक उदाहरण देतो. २०१३-१४ आणि २०१४-१५ चे हिवाळे कडक गेले, एलवाइफची नवी पिढी तुटपुंजी निघाली, तेव्हा न्यूयॉर्क आणि ऑन्टारियो या दोघांनी २०१७ मध्ये चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. खाणारी तोंडे आणि चारा यांचा मेळ बसवण्यासाठी दोन सरकारांनी मिळून घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या किनाऱ्यावर असे काही व्हावे ही आपली तळमळ मी समजू शकतो.

प्रश्न : आम्ही बेलव्हिलला राहायला आलो आहोत. येथे सगळे जण नोव्हेंबरमध्ये वॉलआय पकडायला बाहेर पडतात. सामनसाठी घेतलेले सामानच वापरता येईल का?

उत्तर : काठ्या आणि रिळे चालतील, पण वेग आणि मांडणी बदलावी लागेल. वॉलआयला येथे बरेच जण पिकरेल म्हणतात. तो सामनच्या नव्हे, पर्चच्या कुळातला आहे. आपल्या दारातील क्विंटेचा उपसागर यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळा सरोवराच्या पूर्व भागात काढून मोठ्या माद्या शरद ऋतूत उपसागरात परततात, तिथेच हिवाळा काढतात आणि वसंतात अंडी घालतात.

या माशाच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधूक उजेडात आपल्या सावजापेक्षा चांगले दिसते. संध्याकाळ आणि ढगाळ दिवस यांचा लाभ घ्यावा. नोव्हेंबरच्या गार पाण्यात ताशी दोन ते तीन किलोमीटर वेग पुरेसा आहे, आणि लांबट, माशाच्या आकाराचे क्रँकबेट नावाचे आमिष वापरावे. हे मासे पुष्कळदा तळ सोडून मधल्या पाण्यात तरंगत असतात आणि डोक्यावरून होडी गेली की बाजूला होतात, म्हणून प्लेनर बोर्ड लागतो. ही तरंगती फळी तंगुसाला अडकवली की तो होडीपासून वीस-तीस मीटर बाजूला नेते. किती मीटर तंगूस सोडला हे दाखवणारे काउंटर असलेले रीळ घ्यावे, कारण क्रँकबेट किती खोल जाईल हे मुख्यतः सोडलेल्या लांबीवर ठरते. मासा लागल्याबरोबर तो आकडा वहीत लिहून ठेवावा आणि बाकीच्या काठ्याही तिथे आणाव्यात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, पण मुलाला या छंदाची ओढ आहे. तो म्हणतो की पकडलेले सर्व मासे परत सोडतो. ते खरोखर जगतात का?

उत्तर : वसंतात आणि शरदात, पाणी गार असताना, नीट हाताळलेले मासे बहुधा जगतात. ऑगस्टमध्ये मात्र मला शंका वाटते. दहा अंशांच्या पाण्यातला चिनूक पंधरा-वीस मिनिटे झुंजून थकतो, बावीस अंशांच्या पाण्यातून वर ओढला जातो, आणि मग फोटोसाठी हवेत धरला जातो. इतक्या ताणातून तो सावरेलच असे नाही. ट्राउट आणि सामन यांना पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडता येते, वॉलआयला ते जमत नाही, त्यामुळे दहा मीटरांहून खोल पाण्यातून वर काढलेला वॉलआय फुगतो आणि सोडल्यावर पाण्यावर उताणा पडतो. आपल्या मुलाने भर उन्हाळ्यात खोल पाण्यातली मासेमारी टाळावी आणि मे महिन्यात किनाऱ्याजवळ हौस भागवावी. गळाच्या टोकाचे उलटे काटे दाबून टाकावेत, माशाला जाळीतच, पाण्यात ठेवून गळ सोडवावा आणि हात आधी ओले करावेत.

प्रश्न : आमच्या यजमानांनी सप्टेंबरमध्ये सरोवरातून आठ किलोंचा सामन आणला. आमच्याकडे माशाचे डोके आणि कातडीसकट तुकड्या घालून कालवण करतात. सून गरोदर आहे. तिला हे द्यावे का? शिवाय शेजारी ऑक्टोबरमध्ये क्रेडिट नदीतला सामन आणून देतात, त्याचे मांस फिकट का असते?

उत्तर : सूनबाईंना हे कालवण देऊ नये, ही विनंती मी स्पष्ट शब्दांत करतो. ऑन्टारियो सरोवरातील मोठ्या, तेलकट माशांच्या चरबीत पीसीबीसारखी जुन्या कारखान्यांची रसायने साठतात. ती कातडीखाली, पाठीच्या व पोटाच्या चरबीत आणि बाजूच्या गडद पट्ट्यात अधिक असतात, आणि डोक्याचा रस्सा काढला की चरबी त्या रश्श्यातच उतरते. मासा जितका मोठा आणि वयस्क तितका साठा जास्त. ऑन्टारियो सरकार खाण्यायोग्य माशांची मार्गदर्शिका प्रसिद्ध करते. तिच्यात सरोवराचा भाग, माशाची जात आणि लांबी पाहून महिन्यातून किती वेळा खावा ते दिलेले असते, आणि गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया व १५ वर्षांखालील मुले यांच्यासाठी निराळा, कडक आकडा असतो. यजमानांनी मासा आणल्यावर आधी टेपने त्याची लांबी मोजावी आणि तो तक्ता पाहावा. घरातल्या इतर मोठ्या माणसांसाठी करायचा असल्यास कातडी, पोटाची पट्टी आणि गडद मांस काढून टाकावे आणि तेल निथळून जाईल अशा रीतीने जाळीवर भाजावा. पारा मात्र असा काढता येत नाही, तो मांसातच असतो, म्हणून महिन्याचे प्रमाण पाळणे भागच आहे.

नदीतल्या सामनविषयी आपले निरीक्षण अचूक आहे. चिनूक अंडी घालण्यासाठी नदीत शिरला की खाणे थांबवतो, अंगातली साठवण अंड्यांत आणि प्रवाहाविरुद्धच्या धडपडीत खर्च करतो आणि नंतर मरतो, म्हणून त्याचे मांस फिकट आणि भुसभुशीत होते. तो मासा नदीतच राहू द्यावा, असे शेजाऱ्यांना सांगता आले तर पाहावे.

कालवणासाठी लहान आकाराचा वॉलआय मिळाला तर तो घ्यावा. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी तेलाचे असते, आणि ओल्या नारळाच्या वाटणात, तिरफळ व कोकमाबरोबर ते छान शिजते. फक्त तुकड्या शेवटी टाकाव्यात आणि एक उकळी आली की झाकण ठेवून आच बंद करावी, नाहीतर त्या फुटतात. सूनबाईंच्या ताटात वाढण्याआधी त्यांच्यासाठीचा आकडा मात्र तक्त्यात पाहून घ्यावा.